दिल्लीच्या चॅनेलात राजकारण कव्हर करायला भाचीने जावं का?

फोंडेकर: भाचीची पत्रकारितेची पदवी यंदा पुरी होते. डोक्यात एकच, दिल्लीला जाऊन टीव्हीवर देशाचं राजकारण कव्हर करायचं. आदर्श राजदीप सरदेसाई. मी म्हणतो, नको. ते १९८८ मध्ये पेपरात लागले, सहा वर्षं छापील बातमीत मुरले आणि मग १९९४ ला टीव्हीत गेले. आज पोरांना मुरायला वेळ कोण देतो? काल रुजू, आज लाइव्ह.

मडगावकर: फोंडेकर बाब, अजिबात पटलं नाही. त्यांचे वडील दिलीप सरदेसाई आमच्या मडगावचे. मुंबईला गेले म्हणून भारतासाठी खेळले, १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये ६४२ धावा काढल्या. इथेच बसले असते तर? पोरीला अडवू नका.

फोंडेकर: घाईचं काय? २६ जानेवारी २०२१, ट्रॅक्टर मोर्चा. शेतकरी पोलिसांच्या गोळीने गेला असं राजदीप यांनी ट्विटलं, मग ट्रॅक्टर उलटल्याचा व्हिडिओ आला. चॅनेलने त्यांना दोन आठवडे पडद्यापासून दूर ठेवलं. तीस वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या माणसाचं हे होतं, तर बावीस वर्षांच्या पोरीने काय करायचं?

म्हापशेकर: मार्च २०१७ मध्ये मी दिल्लीच्या एका चॅनेलची पणजीतली स्ट्रिंगर, म्हणजे नोकरीवर नसलेली, बातमीगणिक काम करणारी बातमीदार होते. गोवा विधानसभेच्या ४० जागांपैकी काँग्रेस १७, भाजप १३, आणि १४ तारखेला मुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली भाजपच्या पर्रीकरांनी. त्याआधी एक अख्खा दिवस मी हॉटेलच्या फाटकाबाहेर काढला. समोरच्या दुकानात मोबाइल चार्जिंगला, हातात वही. कोणता आमदार कुणाच्या गाडीतून उतरला, कोण मागच्या दाराने आत गेला, वेळेसकट टिपलेलं. संध्याकाळी चाळीस सेकंद मिळाले. अँकरने विचारलं, पर्यटकांत काय चर्चा आहे? वहीतलं एक अक्षर गेलं नाही. रात्री घरी येऊन रडले मी.

म्हणूनच म्हणते, जाऊ दे तिला. १७ वाले बाहेर आणि १३ वाले आत कसे, हे विचारणारं माणूस तिथल्या डेस्कवर असायलाच हवं.

फोंडेकर: हे मला ठाऊक नव्हतं, ताई. तरी आधी दोन वर्षं इथल्या मराठी पेपरात काढू दे, पर्वरीला विधानसभेची अधिवेशनं बसून ऐकू दे.

मडगावकर: दोन वर्षांत जागा भरतात, बाब!

म्हापशेकर: एक वर्ष करा. आणि शुक्रवारच्या बाजाराला तिला म्हापशाला पाठवा. ती वही अजून आहे माझ्याकडे.