मदत हवी आहे: पावसाळी गटाराच्या नमुन्यात झिंक जास्त आलंय, खड्डा किती मोठा बांधायचा?

खिळेमोळे

नमस्कार मंडळी,

ठाणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत आमचं छोटं प्लेटिंगचं युनिट आहे. प्लॉट १००० चौरस मीटरचा. नट-बोल्ट, वॉशर, स्क्रू यांचं बॅरल झिंक प्लेटिंग (फिरत्या पिंपात जस्ताचा थर चढवणं), सगळं जॉबवर्क. आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पिकलिंग (गंज काढणं), मग झिंक, मग ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन (क्रोमियमचा संरक्षक थर). हेक्झाव्हॅलंट क्रोम कधीच बंद केलंय. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) १० केएलडीचा, म्हणजे दिवसाला १० हजार लिटरचा आहे, तिथून पाणी सीईटीपीला (सामायिक प्लांटला) जातं. ईटीपीचे रिपोर्ट आजवर कधी हाताबाहेर गेलेले नाहीत. मंडळाचा कन्सेंट (परवाना) चालू आहे.

जूनच्या पहिल्या दणदणीत पावसात प्रदूषण नियंत्रण मंडळाचे क्षेत्र अधिकारी आले आणि त्यांनी ईटीपीच्या आउटलेटबरोबर गेटजवळच्या पावसाळी गटाराचाही नमुना घेतला. ईटीपीचा पास झाला, गटाराचा नाही. झिंक ७.८ मिलिग्रॅम प्रति लिटर (मर्यादा ५), पीएच ५.६, टीएसएस (पाण्यातले तरंगते कण) १४०. क्रोमियम आणि निकेल नगण्य. आता कारणे दाखवा नोटीस हातात आहे आणि उत्तराला सात दिवस.

कन्सल्टंट म्हणतात, ६० घनमीटरचा एचडीपीई (प्लास्टिक) अस्तराचा खड्डा बांधा, त्याशिवाय सुटका नाही. ६० घनमीटर! एका अंगाला शेड, दुसऱ्या अंगाला टेम्पो वळवायची जागा, मागे ईटीपी. खड्डा बांधायचा तर टेम्पो हवेत वळवावे लागतील.

एवढा मोठा खड्डा खरंच लागतो का? खड्ड्यात साठलेलं पाणी ईटीपीत घेतलं तर फ्लोमीटर कन्सेंटच्या आकड्यापुढे जाणार, त्याचं काय? आणि सगळ्यात मोठं कोडं म्हणजे हे झिंक येतं कुठून? टाक्या सगळ्या शेडखाली आहेत, फरशी धुतलेलं पाणी वेगळ्या गटारातून ईटीपीत जातं, तिथे गळती नाही.

"कुणीतरी ओळखीचा गाठा आणि मिटवून टाका" हा सल्ला घरात रोज मिळतोय, तो इथे नको.

अर्धाचहा

कन्सेंटमध्ये पावसाच्या पाण्याबद्दल नेमकी अट काय आहे? ती वाचल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

खिळेमोळे

अट दोन ओळींची आहे. पावसाचं पाणी सांडपाण्यात मिसळू द्यायचं नाही आणि त्याच्यासाठी स्वतंत्र गटार ठेवायचं. खड्ड्याचं माप त्यात नाही.

निवृत्त_नमुनेदार

माप कन्सेंटमध्ये नसलं तरी नियमात आहे. पर्यावरण संरक्षण नियमांखाली इलेक्ट्रोप्लेटिंग आणि ॲनोडायझिंगसाठी २०१२ मध्ये जी मानकं आली, त्यांत पावसाळी पाण्याची टीप आहे. २०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा प्लॉट असेल तर पावसाचं पाणी स्क्रबरचं (ॲसिडची वाफ धुणाऱ्या यंत्राचं) पाणी, सांडपाणी किंवा फरशीच्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही, आणि ते स्वतंत्र गटारातून एचडीपीई अस्तराच्या खड्ड्यातून पुढे न्यायचं. खड्ड्याची क्षमता किती, तर १० मिनिटांच्या पावसाची, तासाच्या सरासरीने.

आता तुमच्या कन्सल्टंटचं गणित उलगडून बघा. १००० चौरस मीटर गुणिले ६० मिलिमीटर, बरोबर ६० घनमीटर. म्हणजे त्यांनी तासाला ६० मिमी पाऊस धरला आणि अख्ख्या तासाचं पाणी साठवायला घेतलं. नियम १० मिनिटांचा आहे. ताशी ६० मिमीने १० मिनिटांत १० मिमी पडतो, तुमच्या प्लॉटवर त्याचे १० घनमीटर होतात. तीन मीटर बाय अडीच मीटर, खोली दीड मीटर, एवढ्यात काम झालं. आरसीसीत बांधून वर जड वाहनाचा स्लॅब टाका, टेम्पो त्याच्यावरूनच वळू देत.

सातबारा

पण "तासाची सरासरी" कुठल्या पावसाची? आमच्या शेजारच्या एका हुशार माणसाने वर्षाचा २५०० मिमी पाऊस भागिले ८७६० तास असा हिशोब करून दाखवला होता. त्या हिशोबाने तुमच्या प्लॉटचा १० मिनिटांचा पाऊस ४८ लिटर होतो. एक ड्रम ठेवला की नियम पाळला!

निवृत्त_नमुनेदार

सातबारा, तो ड्रम घेऊन सुनावणीला जाऊ नका म्हणावं. वर्षातले आठ महिने कोरडे असताना ते तास भागाकारात धरणं म्हणजे शुद्ध चलाखी. संदर्भ हवाच असेल तर मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिमी धरून बांधलेली होती आणि नंतर ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पर्जन्यजल प्रकल्पात तो आकडा ५० मिमी केला. ठाणे जिल्ह्यात ५० च्या खाली जाण्यात अर्थ नाही. ६० धरलेत तर कुणी बोट ठेवणार नाही. जागा असेल तर १५ घनमीटर करा, गाळ बसायला वाव राहतो.

एक मात्र लक्षात घ्या. खड्डा म्हणजे प्रक्रिया नव्हे. विरघळलेलं झिंक खड्ड्यात दहा मिनिटं थांबून खाली बसत नाही. तुमच्या ७.८ पैकी किती कणांबरोबर आलंय आणि किती विरघळलेलं आहे, हे कळल्याशिवाय खड्ड्यावर पैसे ओतू नका. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला एकाच नमुन्याचं झिंक दोनदा काढायला सांगा, एकदा तसंच आणि एकदा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर खड्डा तुम्हाला वाचवणार नाही.

ओकलंडची_ओटी

मी कॅलिफोर्नियात एका धातुकामाच्या कारखान्यात पर्यावरणाचं बघते. इकडे औद्योगिक आवारातल्या पावसाच्या पाण्याचा परवानाच वेगळा असतो. सध्याची चौकट १ जुलै २०१५ पासून लागू आहे. पाणी आवाराबाहेर जायला लागल्यापासून चार तासांच्या आत नमुना घ्यावा लागतो, आणि झिंकचा वार्षिक सरासरीचा आकडा ०.२६ मिलिग्रॅम आहे. हो, ०.२६, तुमच्याकडे ५. पण दोन्हींची सरळ तुलना करू नका. इकडे तो आकडा ओलांडला म्हणजे लगेच उल्लंघन होत नाही. आधी तुम्ही लेव्हल १ मध्ये जाता, पात्र तज्ज्ञाला आवारात फिरवून कारण शोधायचं आणि लेखी अहवाल द्यायचा. तरी सुधारलं नाही तर लेव्हल २, आणि मग खर्चाची कामं.

हे सांगायचं कारण, कारण शोधण्याच्या त्या फेरीत झिंकच्या बाबतीत पहिला संशय नेहमी छपरावर घेतात. गॅल्व्हनाइज्ड पत्रा म्हणजे झिंकचाच थर. दुसरा संशय फोर्कलिफ्टच्या टायरवर, रबरात झिंक ऑक्साइड असतं. तुमचं छप्पर कसलं आहे?

खिळेमोळे

जीआय पत्रे. बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे. छपराचं पाणी पन्हळीतून थेट त्याच गटारात उतरतं. फोर्कलिफ्ट नाही, हातगाड्या आहेत.

सातबारा

पण मग सगळ्या एमआयडीसीत जीआय पत्रेच आहेत की. सगळ्यांना नोटीस यायला हवी.

तिसरीपाळी

सगळ्यांच्या छपरावर ॲसिडची वाफ जात नाही ना.

ताई, पीएच बघा. ५.६. नुसता बघितला तर भीतीदायक नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून स्वच्छ पावसाचा पीएचसुद्धा साधारण तेवढाच असतो. पण तुमचं पाणी छपरावरून सिमेंटच्या गटारातून वाहत गेटपर्यंत आलंय. सिमेंटला लागून आलेलं पाणी अल्कधर्मी बाजूला सरकतं. तरीही ५.६ राहिला असेल तर वाटेत कुठेतरी आम्ल आहे. तुमच्या पिकलिंगच्या टाकीवरचा एक्झॉस्ट कुठे सोडलाय?

खिळेमोळे

स्क्रबरला जोडलाय, स्क्रबरची चिमणी शेडच्या वर काढली आहे. पण उंची फार नाही. आणि तिच्या आजूबाजूचे पत्रे खरंच पांढरे पडलेत, काही ठिकाणी लाल गंज दिसतो. आम्हाला वाटलं, जुने झाले म्हणून.

तिसरीपाळी

मग सापडलं बहुतेक. स्क्रबर नीट चालत नसेल किंवा वरचा मिस्ट एलिमिनेटर (थेंब अडवणारी जाळी) खराब असेल तर ॲसिडचे थेंब पत्र्यावर बसतात. झिंक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड मिळून झिंक क्लोराइड होतं, आणि ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ते साठत राहतं आणि जूनच्या पहिल्या पावसात एकदम उतरतं. नेमका त्याच दिवशी तुमचा नमुना घेतला गेला. ऑगस्टमध्ये घेतला असता तर बहुधा पास झाला असता, पण नाल्यात जायचं ते जूनमध्येच गेलेलं असतं.

आज स्क्रबरच्या पाण्याचा पीएच घ्या. कॉस्टिक (आम्ल मारणारा सोडा) संपलं असेल तर तो १ च्या आसपास दिसेल. प्लेटिंगवाल्यांच्यात हे सर्रास होतं, कारण स्क्रबर छपराजवळ असतो आणि पावसात तिथे चढायला कुणी तयार नसतं.

ओकलंडची_ओटी

तिसरीपाळी म्हणतात ते पटतंय. सिद्ध करायचं तर नमुने वेगळे घ्या. चिमणीजवळच्या पत्र्याच्या पन्हळीतून एक, छपराच्या दुसऱ्या टोकाच्या पन्हळीतून एक, मोकळ्या आवारातल्या पाण्याचा एक, आणि गेटजवळचा. एकाच पावसात, पाणी वाहायला लागल्या लागल्या. शेजारचा प्लॉट उंचावर असेल आणि त्याचं पाणी तुमच्याकडे येत असेल तर कंपाउंडच्या त्या बाजूचाही.

निवृत्त_नमुनेदार

क्रोमियम नगण्य आलंय, हा तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. पॅसिव्हेशनची टाकी किंवा फरशीचं पाणी गटारात जात असतं तर झिंकच्या जोडीने क्रोमियम दिसलं असतंच. (कोऱ्या जीआय पत्र्यावर क्रोमेटचा थर असतो, त्यामुळे नवे पत्रे पहिल्या पावसात थोडं क्रोमियम सोडू शकतात. तुमचे पंधरा वर्षांचे, तो प्रश्न नाही.) उत्तरात हे जरूर लिहा.

उत्तराबद्दल आणखी दोन शब्द. "पाऊस असाधारण होता" असं लिहू नका, वाचणाऱ्याने ते वाक्य शेकडो वेळा वाचलेलं असतं. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या झाल्या का ते तपासून फाइलला ठेवा, पण उत्तरात त्यावरून भांडण उकरू नका. ते हत्यार कोर्टाचं आहे, आणि तुम्हाला कोर्टात जायचं नाहीये. काय आढळलं, काय तपासलं, काय करणार आणि कधीपर्यंत, एवढंच फोटोंसकट लिहा. तारखा मात्र पाळता येतील अशाच द्या. त्या तारखांवर बँक गॅरंटी घेतली गेली आणि काम रखडलं तर ती जप्त होते. भर पावसात खोदकाम होत नाही. खड्ड्याची तारीख ऑक्टोबरनंतरची मागा, स्क्रबरची या आठवड्यातली द्या.

अर्धाचहा

ईटीपीच्या फ्लोमीटरचं कुणी बोललं नाही. ताई, खड्ड्यातलं पाणी ईटीपीत पाठवूच नका, प्लांटमध्ये वापरा. पिकलिंगनंतरच्या रिन्समध्ये किंवा स्क्रबरच्या भरण्यात पाच-सात मिलिग्रॅम झिंक असलेलं पाणी चालतं. तेवढं एमआयडीसीचं पाणी कमी घ्याल, म्हणजे ईटीपीकडे जाणारं एकूण पाणी तेवढंच राहील आणि मीटर वर जाणार नाही. खड्ड्याला फ्लोट स्विचचा पंप लावून एक टाकी भरून ठेवायची. पावसाच्या पहिल्या पाण्यानंतरचं स्वच्छ पाणी ओव्हरफ्लोने नाल्यात जाऊ द्या, पण त्याचीही अधूनमधून तपासणी ठेवा. आणि या वापराबद्दल उत्तरात लिहाच, नाहीतर पुढच्या भेटीत ती पाइपलाइन पाहून नवा प्रश्न निघेल.

निवृत्त_नमुनेदार

चांगलं सुचवलंत. खड्ड्याच्या तळाचा गाळ मात्र बागेत टाकू नका. त्यात झिंक असणार, तो ईटीपीच्या गाळाबरोबर घातक कचरा म्हणूनच पाठवायचा. ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात साठवायचा नाही.

खिळेमोळे

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं उशिरा लिहितेय, कारण पाऊस आणि लॅब दोघांचीही वाट पाहावी लागली.

स्क्रबरच्या पाण्याचा पीएच १.५ निघाला. कॉस्टिकचा डोसिंग पंप बंद होता आणि मिस्ट एलिमिनेटरचा एक भाग खाली कोसळलेला होता. दोन्ही दुरुस्त झालेत, बिलं आणि फोटो उत्तराला जोडले. नंतरच्या पावसात नमुने घेतले: चिमणीजवळच्या पन्हळीत झिंक १९, छपराच्या दुसऱ्या टोकाला १.९, मोकळ्या आवारात ०.६, गेटवर ४.४. गाळून आणि न गाळता जवळजवळ सारखेच आकडे, म्हणजे जवळपास सगळं विरघळलेलं. उत्तर दिलं, सुनावणी झाली, १५ घनमीटरचा खड्डा आणि पाण्याचा पुनर्वापर मान्य झाला, मुदत डिसेंबरपर्यंत. कन्सल्टंट जरा नाराज आहेत.

आता चिमणीभोवतीचे पत्रे बदलायचे की रंगवायचे? आणि रंगवायचे तर कसला रंग? ॲसिडच्या वाफेत टिकायला हवा.

तिसरीपाळी

इतके गंजलेले असतील तर रंगवू नका, रंग एका पावसाळ्यात सोलून निघेल. चिमणीभोवतीच्या तेवढ्या भागात एफआरपीचे (फायबरग्लासचे) पत्रे टाका, त्यांना हायड्रोक्लोरिकची वाफ काही करत नाही आणि त्यांच्यातून झिंकही येत नाही. स्क्रू स्टेनलेसचे नकोत, क्लोराइडने तेही खातात. नायलॉन कोटिंगचे मिळतात. चिमणीची उंची वाढवायची असेल तर आधी कन्सेंटमधला आकडा बघा, उंची तिथे लिहिलेली असते. बाकीचे पत्रे चांगले असतील तर पावसाळा संपल्यावर घासून इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन मारा.