आठवणींवर उभी राहिलेली चित्रकादंबरी इतिहास म्हणून वाचावी का?

पानगळ (प्रश्न):
आमच्या वाचनालयात दर शनिवारी नववी-दहावीच्या मुलांचा वाचनगट भरतो आणि या महिन्यात आम्ही आर्ट स्पीगलमन यांची ‘माऊस’ वाचायला घेतली आहे. ऑशविट्झ या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेल्या आपल्या वडिलांची, व्लादेक यांची, कहाणी मुलाने चित्रांतून सांगितलेली आहे. ज्यू लोक उंदरांच्या रूपात आणि जर्मन मांजरांच्या रूपात येतात. गेल्या शनिवारी एका मुलाने विचारले, “हे सगळे त्या म्हाताऱ्या माणसाला आठवले तसे आहे ना? मग ते खरे कशावरून?” मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. एका पालकांना तर प्राण्यांची चित्रे पाहून एवढ्या भीषण प्रसंगाची थट्टा झाल्यासारखे वाटले. अशी पुस्तके इतिहास म्हणून मुलांपुढे ठेवावीत का, आणि ठेवायची तर कशी?

शाईचा डाग:
त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातच आहे. १९९१ साली आलेल्या दुसऱ्या भागात, ऑशविट्झच्या फाटकापाशी कैद्यांचे वाद्यवृंद वाजत असत त्याबद्दल मुलगा वडिलांना विचारतो. वडील म्हणतात की आपल्याला फक्त चालणे आठवते, वाद्ये मुळीच आठवत नाहीत. आणि याच्या तर पक्क्या नोंदी आहेत, असे मुलगा सांगतो. आता ती दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहा. पहिल्यात वादक स्पष्ट दिसतात. वडिलांनी नाकारल्यानंतरच्या चित्रात चालणाऱ्या कैद्यांची रांग त्यांना झाकून टाकते, मात्र रांगेच्या वर वाद्यांची टोके तेवढी डोकावत राहतात. स्मरण आणि नोंद यांतला वाद लेखकाने मिटवलेला नाही, तो चित्रात उघडा ठेवला आहे. आईच्या आठवणींच्या वह्या वडिलांनी जाळून टाकल्या, त्यामुळे तिची बाजू या कहाणीत कायमची गहाळ आहे, हेही तो लपवत नाही.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा भाग खपाच्या यादीत ललित साहित्यात टाकला होता, स्पीगलमन यांनी पत्र लिहून हरकत घेतली आणि तो ललितेतर यादीत हलवण्यात आला.

त्या पालकांसाठी: ज्यूंना घूस-उंदरांच्या पंगतीला बसवण्याचे काम नाझी प्रचारानेच केले होते आणि लेखक ते रूपक त्यांच्याच अंगावर उलटवतो. लपूनछपून वावरताना व्लादेक पोलिश असल्याचे सोंग घेतात, तेव्हा उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा बांधलेला दिसतो, कारण पुस्तकात पोलिश लोक डुकरे आहेत. जात किंवा वंश हा वरून चढवलेला मुखवटा असतो, हे यापेक्षा थोडक्यात सांगणे अवघड आहे.

तळ्याकाठी:
वरील विवेचन पटले, परंतु सुरुवात युरोपातूनच का करावी, हे मला कळत नाही. ‘नवयान’ने २०११ साली प्रसिद्ध केलेले ‘भीमायन’ आपल्या मुलांना अधिक जवळचे वाटेल. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींतील प्रसंग रंगवले आहेत. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला छोटा भीम मसूर स्थानकात उतरतो, जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटतो, दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनाच हाकावी लागते आणि गाडीवान शेजारून चालतो, वाटेत पाण्याचा थेंब मिळत नाही. पुढे १९१७ सालचे बडोदे येते, तिथल्या पारशी निवासातून हाकलून दिल्यानंतरचे कामाठी बागेतले बसणे येते.

संवादाच्या फुग्यांकडे मुलांचे लक्ष अवश्य वेधा. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, तर विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. रेघांच्या चौकटीही नाहीत.

शिवाय येथे पडताळा घेता येतो. मूळ इंग्रजी मजकूर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात आहे. तो मोठा नाही. चित्रकारांनी काय घेतले, काय गाळले, बसथांब्यावरच्या आजच्या माणसांचे संभाषण कशासाठी जोडले, हे मुलांनाच शोधू द्या. माझ्या मते खरे इतिहासाचे काम तेच आहे.

कोरा कागद:
एक सावधगिरीची सूचना. या दोन पुस्तकांना जे लागू पडते ते सर्वांना लावू नका. केइजी नाकाझावा यांची ‘बेअरफूट गेन’ ही जपानी चित्रकथा १९७३ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. बॉम्ब पडला तेव्हा लेखक स्वतः हिरोशिमात होते, वय अवघे सहा वर्षांचे. शाळेच्या भिंतीआड असल्याने ते बचावले आणि वडील, बहीण व धाकटा भाऊ यांना त्यांनी गमावले. तरीही गेन म्हणजे नाकाझावा नव्हेत, तो त्यांनी स्वतःवरून बेतलेला नायक आहे. त्यामुळे येथे प्रत्येक प्रसंगाचा पुरावा मागणे अन्यायाचे ठरेल आणि प्रत्येक प्रसंग घडलाच असे सांगणे चुकीचे. पाने अतिशय अंगावर येणारी आहेत. आधी तुम्ही स्वतः वाचा.

पानगळ:
सर्वांचे आभार. वाद्यवृंदाचे पान मी वाचले होते, पण मागे डोकावणारी वाद्ये माझ्या नजरेतून सुटली होती. येत्या शनिवारी ते पान, आणि पुढच्या शनिवारी मसूरचा प्रवास मूळ मजकुरासह, असे ठरवले आहे. मजकूर मराठीत मुलांकडूनच करून घेईन. नववीतल्या काहींचे आजोळ कोरेगाव-मसूर पट्ट्यात आहे, तेव्हा ते स्थानक आज कसे दिसते हेही त्यांना विचारता येईल.