एमआरएनए लसींवर वादसभा आहे, मुद्दे तपासायला मदत हवी आहे

वादपटू_सांगली:
कॉलेजच्या वादसभेत कोविडच्या एमआरएनए लसींचा (प्रथिन बनवण्याचा निरोप पेशीला देणारा रेणू म्हणजे एमआरएनए) विषय आहे. कुठली बाजू वाट्याला येईल ते ऐनवेळी चिठ्ठी टाकून ठरणार, म्हणून तयारी दोन्हींची हवी. व्हॉट्सॲपवर फिरणारे मुद्दे असे: लस वर्षभरात घाईघाईने बनवली, ती आपला डीएनए बदलते, कुप्यांमध्ये डीएनए सापडला, गुठळ्या आणि हृदयविकार होतात. यात तथ्य किती?

रेणूवाचक:
गुठळ्यांचा मुद्दा आधी बाजूला काढा, तो या लसींचा नाहीच. प्लेटलेट कमी होऊन गुठळ्या होण्याचा दुर्मिळ प्रकार अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्याकडच्या कोविशील्डच्या जातीच्या लसींशी जोडलेला आहे. त्यात एमआरएनए नसतो, चिंपांझीचा अ‍ॅडेनोव्हायरस (सर्दीच्या जातीचा विषाणू) वाहक असतो. फायझर आणि मॉडर्ना या एमआरएनए लसी भारताच्या लसीकरण मोहिमेत आल्याच नाहीत. भारतात विकसित होऊन परवानगी मिळालेली एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची, तीही जून २०२२ मध्ये. सभेत निम्मा गोंधळ इथेच होईल.

आता 'घाई'. तंत्र जुनं आहे. १९८९ मध्ये अमेरिकी संशोधक रॉबर्ट मलोन आणि सहकाऱ्यांनी चरबीच्या कणांतून एमआरएनए पेशीत उतरवून दाखवला होता. पुढे गाडी अडली दोन जागी. बाहेरून आलेला एमआरएनए ओळखून शरीर दाह सुरू करतं, आणि तो रेणू वाटेतच तुटतो. पहिल्या अडचणीवर कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये उपाय छापला: एमआरएनएतल्या युरिडीन या घटकाच्या जागी त्याचं किंचित बदललेलं रूप, स्यूडोयुरिडीन. २०२३ चं नोबेल त्यासाठीच. दुसऱ्यावर उपाय लिपिड नॅनोकण, म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म कणांचं वेष्टण. तशाच प्रकारचं वेष्टण वापरणारं पॅटिसिरान हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. रेणूत असा बदल न करता उतरलेल्या क्युअरव्हॅक कंपनीच्या कोविड लसीची परिणामकारकता २०२१ मध्ये जेमतेम ४८ टक्के निघाली. हे उदाहरण जरूर वापरा.

वेळ वाचला तो टप्पे एकमेकांवर चढवल्यामुळे आणि साथ जोरात असल्यामुळे. फायझरच्या चाचणीत रुग्ण भराभर जमले: लस घेतलेल्यांत ८, प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) घेतलेल्यांत १६२. विरोधी बाजू मिळाली तर खरा दुबळा धागा हा: परवानगीच्या वेळी पाठपुरावा साधारण दोन महिन्यांचाच होता, आणि नंतर प्लासिबो गटालाही लस दिल्याने दीर्घकाळची तुलना हातची गेली.

प्रयोगशाळेतला_एक:
डीएनएच्या दोन्ही मुद्द्यांवर भर घालतो. एमआरएनए पेशीद्रवात वाचला जातो आणि तिथेच मोडतो. केंद्रकात शिरून गुणसूत्रात बसायला लागणारी यंत्रणा लसीत नसते. लसीच्या एमआरएनएपासून पेशीत डीएनए बनल्याचं सांगणारा २०२२ चा स्वीडिश अभ्यास हमखास पुढे केला जाईल. तो यकृताच्या कर्करोगाच्या पेशीवंशावर, काचपात्रात झाला होता. गुणसूत्रात समावेश झाल्याचं त्यात दाखवलेलं नाही.

कुपीतला डीएनए मात्र खरा आहे. एमआरएनए बनवायला साचा लागतो: जिवाणूत वाढवलेला प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) कापून सरळ करतात, त्यावर टी-७ पॉलिमरेज हे आरएनए बनवणारं विकर चालवतात, मग डीएनएज हे डीएनए तोडणारं विकर घालून साचा मोडतात आणि गाळतात. काही तुकडे उरतातच. अशा उरलेल्या डीएनएची मर्यादा दर डोसला १० नॅनोग्रॅम. 'शेकडो पट जास्त' हे आकडे बरेचदा चकाकणाऱ्या रंगाने मोजलेले असतात. तो रंग आरएनएलाही चिकटतो, आणि कुपीत आरएनए भरपूर असतो, त्यामुळे वाचन फुगतं. समोरच्याला एवढंच विचारा: आरएनए आधी काढून टाकला होता का? फायझरच्या प्लाझ्मिडमध्ये एसव्ही-४० या माकडांतल्या विषाणूचा प्रवर्तक भाग (जनुक चालू करणारा तुकडा) आहे, हे नाकारू नका. कर्करोगाच्या गाठींशी जोडलं जातं ते त्या विषाणूचं टी-अँटिजेन जनुक, आणि ते त्यात नाही.

वादपटू_सांगली:
आणि हृदय?

रेणूवाचक:
इथे टाळाटाळ केलीत तर हराल. मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूचा दाह) होतो, मुख्यतः किशोर आणि तरुण पुरुषांत, दुसऱ्या डोसनंतर पहिल्या आठवड्यात. मॉडर्नात प्रमाण जास्त. तिचा डोस तेव्हा १०० मायक्रोग्रॅम होता, फायझरचा ३०. फायझरच्या चाचणीत लस घेणारे सुमारे २२ हजार, त्यामुळे ५० हजारांत एखाद्याला होणारा आजार तिथे दिसणं अवघडच होतं. इस्रायलने २०२१ च्या वसंतात तो हेरला, ऑक्टोबरात नॉर्डिक देशांनी तरुणांसाठी मॉडर्ना थांबवली किंवा टाळायला सांगितली. दोन डोसांतलं अंतर आठ आठवडे केल्यावर धोका घटतो. सरसकट 'सुरक्षित' किंवा 'घातक' म्हणू नका. वय, लिंग, कितवा डोस, हे धरूनच बोला.

अमेरिकेच्या व्हेअर्स (लसीनंतरच्या त्रासांची नोंदवही) नोंदींचा आकडा कोणी फेकला तर सांगा, तिथे कोणीही तक्रार नोंदवू शकतं. ती इशारा देणारी घंटा आहे. कारण ठरवायला लस न घेतलेल्या त्याच वयोगटातलं प्रमाण शेजारी ठेवावं लागतं.