वजन उतरवायला पोराचं पाणी बंद करणं बरोबर आहे का?

शाहूपुरीची आई: मुलगा पंधरा वर्षांचा, तालमीत आहे. ४८ किलोत बसवायचा म्हणून आदल्या दिवसापासून पाणी बंद, जाड कपड्यांत पळणं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. वस्तादांना कसं सांगू?

बावड्याचा पैलवान: ताई, आजच थांबवा. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान थोड्याच आठवड्यांत असंच वजन तोडताना गेले. त्यानंतर तिथं घाम काढायचे रबरी सूट आणि सॉना (गरम खोलीत बसून घाम काढणं) बंद झाले. लघवी तपासून अंगात पाणी पुरेसं आहे हे बघूनच प्रत्येकाचा कमीत कमी वजनगट ठरू लागला. आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायचं नाही, असा नियम झाला. तुमच्या पोराला म्हणजे पाऊण किलोसुद्धा नाही!

पाणी तुटलं की रक्त कमी पडतं, हृदयाची धडधड वाढते, अंग तापतं. आंतरराष्ट्रीय कुस्तीत आता वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच होतं, भरून काढायला वेळच नाही. विनेश फोगट पॅरिस ऑलिम्पिकला १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाहेर गेली, ते सगळ्यांनी बघितलंय. आपण पोराला थंडाई, बदाम मायेनं देतो आणि साधं पाणी तोडतो, याचा मला फार त्रास होतो. वस्तादांशी चारचौघांत नको, एकटं गाठून बोला. पोरगा वाढतोय, वरच्या गटात खेळू दे.

फिजिओ, राजारामपुरी: सहमत. सकाळची लघवी गडद पिवळी असेल तर त्या दिवशी जोर-बैठका नकोत. चक्कर आली तर थेट डॉक्टरकडे.

शाहूपुरीची आई: उद्या त्याच्या बाबांना घेऊन जाते. ५१ मध्येच नाव द्या म्हणून सांगते.