‘पापार्पण’ की ‘प्रायश्चित्त’?

प्रश्न: मराठी बायबलात ‘लेवीय’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात ‘पापार्पण’ शब्द आहे. पण तिथली चूक नकळत झालेली. मग पाप कसलं? ‘प्रायश्चित्त’ चालेल का?

– मूळ हिब्रू शब्द ‘खत्तात’. पाप आणि त्याबद्दलचा बळी, दोन्हींना हाच. क्रियापदाचा एक अर्थ नेम चुकणं. बायबलातल्याच ‘शास्ते’ या पुस्तकात (20:16) 700 डावखुरे गोफणदार आहेत, केसावर धोंडा मारला तरी न चुकणारे. तिथे हेच क्रियापद. ‘प्रायश्चित्त’ म्हटलं की उपासतापास, दानधर्म सगळंच त्यात येतं आणि बळी दिसेनासा होतो. मी ‘पापार्पण’च ठेवेन.

– त्याच अध्यायात पायऱ्या आहेत. मुख्य याजक किंवा सगळी मंडळी चुकली तर गोऱ्हा, अधिपती चुकला तर बोकड, साध्या माणसाला बकरी किंवा मेंढी.

– मंडळी चुकते म्हणजे नेमकं काय?

– मिश्ना म्हणजे यहुदी रब्बींच्या, धर्मगुरूंच्या, नियमांचा जुना संग्रह. त्यातलं ‘होरायोत’ हे प्रकरण त्यावरच आहे. होराया म्हणजे धर्मनिर्णय. ‘तोरा’ (बायबलची पहिली पाच पुस्तकं, लेवीय त्यातलंच) हा शब्दही त्याच धातूचा. यरुशलेमच्या 71 जणांच्या न्यायसभेने चुकीचा निर्णय दिला आणि बहुसंख्य लोक तसे वागले, तरच हा गोऱ्हा. नुसता निर्णय चुकला, कोणी पाळलाच नाही, तर काही नाही. तो आणायचा कोणी, यावर जुंपलेली आहेच: रब्बी मेईर म्हणतात न्यायसभेने, एकच, रब्बी यहूदा म्हणतात इस्राएलच्या बारा वंशांनी बारा, रब्बी शिमोन न्यायसभेचा धरून तेरा करतात.

गंमत पुढेच आहे. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस. ‘शब्बाथ पाळायचाच नाही’ असा निकाल दिला तर न्यायसभा सुटते! ‘शब्बाथ आहे, पण घरातली वस्तू रस्त्यावर नेली तर दोष नाही’ म्हटलं, तर अडकते. कारण तोरात ढळढळीत लिहिलेलं कोणी नाकारलं तर तालमूद (मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ) म्हणतं, जा, शाळेत जाऊन वाच. तो निर्णयच धरत नाहीत. त्यावर विसंबून जो वागला त्याने आपापला बळी आणायचा.

– अधिपतीला मूळ शब्द ‘नासी’ ना? आज इस्रायलच्या राष्ट्रपतींना तेच म्हणतात.

– हो, पण मिश्ना इथे राजाच धरते. गादी गेल्यावर चुकला तर तो साध्या माणसासारखाच, बोकड नाही. मुख्य याजकाला मात्र पद सुटलं तरी गोऱ्हाच.