जनगणना आणि सर्वेक्षण यांतून निघणारे प्रजनन दर जुळत नसतील तर?

प्रश्न:
एकाच देशाच्या, एकाच सुमाराच्या दोन स्रोतांवरून मी एकूण प्रजनन दर (चालू दर कायम राहिल्यास एका स्त्रीला आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी) काढत आहे. जनगणनेत स्त्रीला आजवर झालेली मुले आणि गेल्या बारा महिन्यांतील जन्म एवढेच विचारले होते, तर सर्वेक्षणात प्रत्येक अपत्याची जन्मतारीख आहे. जनगणनेवरून निघणारा दर बराच कमी भरतो. लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांच्या पी/एफ गुणोत्तराने तो वाढवावा, की सर्वेक्षणाचाच आकडा ग्राह्य धरावा?

पहिले उत्तर:
काहीही ठरवण्याआधी गुणोत्तर वयोगटांनुसार मांडून पाहावे. पी म्हणजे त्या गटातील स्त्रियांना आजवर झालेल्या मुलांची सरासरी आणि एफ म्हणजे गेल्या बारा महिन्यांतील जन्मांवरून निघणाऱ्या चालू दरांची त्या वयापर्यंतची बेरीज. समजा, २०–२४ वयोगटात पी १.२ आणि एफ १.० आला, तर सहांपैकी एक जन्म नोंदवायचा राहिला असे मानून सर्व दर १.२ ने गुणायचे, ही मूळ रीत. परंतु प्रजनन दर बरीच वर्षे स्थिर आहे, हे तिचे गृहीतक आहे. दर घटत असेल, तर मोठ्या वयाच्या स्त्रियांच्या सरासरीत मागचा चढा काळ उतरतो, गुणोत्तर वयाबरोबर चढत जाते आणि त्यातलाच एखादा गुणक आंधळेपणाने लावल्यास अंदाज फुगतो. शिवाय मूल नसलेल्या स्त्रीपुढे शून्य न लिहिता प्रगणकाने रकाना कोरा सोडला आणि आपण त्या स्त्रियांना वगळले, तर पी विनाकारण वाढतो. कोऱ्या रकान्यांपैकी खरी शून्ये किती याचा अंदाज घेणारी एल-बद्री यांची दुरुस्ती नेमकी यासाठीच आहे आणि ती आधी करावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरे उत्तर:
सर्वेक्षणही निर्दोष मानू नये. पाच वर्षांखालील मुलांविषयी आरोग्याचे लांबलचक प्रश्न असतात, म्हणून काही मुलाखतकार मुलाचे जन्मवर्ष त्या मर्यादेपलीकडे ढकलतात. वर्षवार जन्म मांडले की सीमेच्या अलीकडे खड्डा आणि पलीकडे उंचवटा स्पष्ट दिसतो. शेवटच्या तीन वर्षांचा दर या सीमेपासून दूर राहतो, म्हणून मी तोच वापरतो. मात्र मूल मुळातच गाळले गेले असेल, तर तोही कमी भरणार.

प्रश्नकर्ता:
गुणोत्तर वयाबरोबर चढतच जाते. जनगणनेत स्त्रीचे वय गणनेच्या दिवसाचे आहे. त्याने फरक पडतो का?

पहिले उत्तर देणारे:
पडतो. गेल्या बारा महिन्यांतील जन्म गणनेच्या सरासरी सहा महिने आधीचे, म्हणजे दर अर्ध्या वर्षाने लहान वयाचे आहेत. वयोगट तेवढे मागे सरकवूनच एफ काढावा. त्यानंतरही चढ राहिला, तर तो बहुधा घटत्या प्रजननाचा आहे.