शब्दचर्चा: ‘व्यक्तिमत्त्व विकार’ म्हणावं की दुसरं काही?

फोंड्यात समुपदेशन करते. रुग्णांच्या घरच्यांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहायला घेतलं आणि शीर्षकातच अडले. पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणजे भावना आणि नाती सांभाळणं दीर्घकाळ अवघड जाणं; त्याला छापील शब्द ‘व्यक्तिमत्त्व विकार’. कच्चा मसुदा वाचून एका आईने विचारलं, “म्हणजे आमचें चेडूं (मुलगी) विकृत?” ‘स्वभावदोष’ चालेल का?

— ‘स्वभावदोष’ कृपा करून नको. दोष म्हटला की ठपका आला, आणि मागोमाग ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण. इथे ती खरी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्यांसाठी घडवलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीने, म्हणजे भावना हाताळायला शिकवणाऱ्या उपचाराने, अनेकांना उतार पडतो.

‘विकार’ मुळात वाईट शब्द नाही. सांख्य दर्शनात विकार म्हणजे नुसतं रूपांतर, दुधाचं दही झालं तसं. आयुर्वेदात विकार म्हणजे रोग. ‘हृदयविकार’ ऐकून कुणी खाली मान घालत नाही, कारण हृदय आजारी पडलं तरी माणूस त्याहून वेगळा उरतो. व्यक्तिमत्त्वालाच विकार जोडला की वेगळं उरायला काही राहत नाही, आणि ‘विकृत’ ही शिवी तर शेजारीच उभी असते. त्या आईने नेमकं तेच ऐकलं.

या विकाराच्या ‘बॉर्डरलाइन’ नावाच्या प्रकाराचं ‘सीमावर्ती’ही करू नका. १९३८ मध्ये मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी न्यूरोसिस (चिंतेसारखा त्रास, पण वास्तवाचं भान शाबूत) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या सीमेवरच्या रुग्णांबद्दल लिहिलं. ती कल्पना मागे पडली, नाव मात्र चिकटून राहिलं. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, बहुतेक पोटप्रकार काढून सौम्य, मध्यम, तीव्र अशी प्रतवारी आणली. बॉर्डरलाइन तिथेही ‘पॅटर्न’ म्हणून उरलं. पॅटर्नला आपला ‘ठेवण’ हा शब्द किती चपखल बसतो! ‘स्वभावाच्या ठेवणीमुळे होणारा त्रास’ असं लिहून पाहा.

— ठेवण आवडला. पण गोड शब्दाआड निदान दडवलं तर? हे निदान माझंच आहे. माझ्या फाइलवर काय लिहिलंय ते आधी माझ्या भावाला सांगितलं गेलं, मला सात महिन्यांनी. घरात मी रागावले की “तुझा तो विकार” हे उत्तर तयार. लग्नाला नाही म्हटलं तेव्हाही तेच. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट सांगतो की समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक चालीशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. हे वाक्य पत्रकात घालाच, ठळक अक्षरांत.

— घालते. संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या गोव्याच्या आबे फारियांचा पणजीतला पुतळा रोज बघतो आपण. संमोहनाची शक्ती करणाऱ्याच्या अंगात नसते, ऐकणाऱ्याच्या मनात असते, हे त्यांनी सांगितलं. डॉक्टरच्या तोंडचा शब्दही तसाच आत जाऊन काम करतो. म्हणून ठरवलंय: शीर्षकात ‘व्यक्तिमत्त्व विकार’च राहील, कारण फाइलवर तोच असतो आणि ज्याचं निदान त्याला तो आधी कळायला हवा. लगेच खाली ठेवणीचं वाक्य, आणि विकृतीशी याचा संबंध नाही हे साध्या मराठीत.

आता पुढची अडचण. ‘मॅनिप्युलेटिव्ह’ (दुसऱ्याला आपल्या मनासारखं वागवू पाहणारी) हा शेरा केसपेपरवर सर्रास मारतात. मराठीत ‘कावेबाज’ लिहायला हात धजत नाही. घरचे ‘नाटकं करते’ म्हणतात, तेही अन्यायाचं. जिवाच्या आकांताने कुणाला धरून ठेवू पाहणाऱ्या माणसाच्या वागण्याला काय म्हणायचं?